चार तुताऱ्या, चिमूटभर अक्षता

गाड्यांच्या शर्यतींतल्या एतिएन मारसाकवर आजवर जी पुस्तकं निघाली, टीव्हीवर जे कार्यक्रम झाले, त्या सगळ्यांत सुरुवातीलाच एक वाक्य हमखास येतं. इंग्लंडमधल्या पहिल्याच वर्षी यांत्रिक बिघाडामुळे त्याला मोठा अपघात झाला आणि त्याची कारकीर्द सुरू होण्याआधीच संपता संपता राहिली. वाक्य बरोबर आहे. फक्त त्या यांत्रिक बिघाडाला नाव होतं, विजया. घरी विजू. वय सतरा, दोन वेण्या, पायात आईनं घेऊ नको म्हटलेले जाड तळव्यांचे प्लॅटफॉर्मचे बूट आणि मुठीत चिमूटभर अक्षता. पुढे दोनदा जगज्जेता झालेल्या माणसाला मी आधीच जवळजवळ मारून टाकलं होतं, आणि तेही त्याचं भलं व्हावं म्हणून. मूर्खपणा करायचा तर असा करावा, की त्याची पुस्तकात नोंद व्हावी. माझी झाली. नाव तेवढं आलं नाही.

गेल्या महिन्यात असाच एक कार्यक्रम लागला आणि नातीचा फोन आला. माझी नात इरा इथे इंग्लंडमध्येच, मिल्टन कीन्सला एका रेसिंग टीमच्या कारखान्यात नोकरी करते. गाडीवरून वारा कसा वाहतो ते दिवसभर कॉम्प्युटरवर बघत बसायचं, याचे तिला पैसे देतात. "आज्जी, तुझा एतिएन टीव्हीवर आला! तू ओळखत होती ना त्याला? लाइक, प्रॉपर्ली?"

"प्रॉपर्ली म्हणजे कसं गं?"

"म्हणजे... यू नो."

"मोजे धुतलेत मी त्याचे," मी म्हटलं. आणि मग का कोण जाणे, इतकी वर्षं लेकीलाही न सांगितलेली गोष्ट तिला सांगून टाकली. ती म्हणाली, "आज्जी, लिटरली राइस? दॅट इज सॅबोटाज!" तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं. पश्चात्ताप वगैरे काही नाही, तो केव्हाच करून झाला. पण 'यांत्रिक बिघाड' म्हटलं की गाडी कुणी जोडली होती हा प्रश्न येतो. ती माझ्या बाबांनी जोडली होती आणि त्यांच्या हातांची काहीही चूक नव्हती. बाबा आता नाहीत. मी आहे, आणि माझे गुडघे रोज सकाळी सांगतात की मीही आता फार दिवस गृहीत धरू नयेत.

आमचं घर तेव्हा लंडनजवळ वॉटफर्डला होतं, कॅनॉलपासून दहा मिनिटांवर, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत. घर कसलं, जिना होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी खोल्या चिकटवल्या होत्या. हिवाळ्यात पॅराफिनच्या हीटरचा वास पडद्यांत, कपड्यांत, माझ्या भूगोलाच्या वहीतसुद्धा शिरायचा. आई छापखान्यात छापील कागदांच्या घड्या घालायच्या कामावर होती. तिच्या हातांना शाईचा वास यायचा आणि तिच्या पोळ्यांच्या घड्या मासिकासारख्या काटेकोर असायच्या. पितळी खलबत्त्यात ती शेंगदाणे कुटायला लागली की पलीकडची शेजारीण भिंतीवर टकटक करायची. आई उत्तरादाखल आणखी दोन ठोके घालायची. बाबा हे सगळं ऐकत शिट्टी वाजवत हात धूत असायचे. धुण्याच्या सोड्यानं, कोपरापर्यंत, डॉक्टरासारखे. बाबांची शिट्टी हे आमच्या घराचं घड्याळ होतं. ती वाजली की पानं घ्यायची.

बाबा मिस्टर पिकरिंगच्या गॅरेजमध्ये फिटर होते. कॅनॉलच्या काठावर पत्र्याची एक लांबट शेड, आणि त्यात रेसच्या छोट्या गाड्या बनवायच्या, पळवायच्या, आपटल्या की पुन्हा बनवायच्या. बाबांची तिथे अकरा वर्षं झाली होती. त्यातली पहिली सहा मागच्या लेथवर गेली, कारण रेसच्या इंजिनाला या नव्या माणसाचा हात लागला तर काय होईल कोण जाणे, असं बाकीच्यांना वाटायचं. बाबांनी कधी वाद घातला नाही. ते लेथवर जे जे बनवत ते इतकं नेमकं बसायचं, की हळूहळू लोक त्यांच्याकडे यायला लागले. आधी गुपचूप, मग उघडपणे. एके दिवशी पिकरिंगनं पाइप तोंडातून न काढताच सांगितलं, इंजिन आता दत्ता जोडणार. त्या दिवशी आईनं पुरण घातलं होतं. मला आठवतं, कारण मी नऊ पोळ्या खाल्ल्या होत्या.

तर त्या पिकरिंगनं फ्रान्सहून एक नवा ड्रायव्हर आणला आणि त्याला राहायला जागा हवी होती. गॅरेजमधल्या बाकीच्यांकडे जागा होती, मन नव्हतं. आमच्याकडे मन होतं, जागा नव्हती. बाबांनी माझी खोली देऊन टाकली. मी ट्रंका ठेवायच्या खोलीत गेले आणि दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एतिएन आला. जिन्यात उभा राहून त्यानं ओले केस हातानं मागे सारले आणि माझा राग जो उतरला तो कायमचा. हे लिहायला घेतलं तेव्हा फोनवर विचारलं त्याला, लिहू का तुझ्याबद्दल? तर म्हणाला, "लिही, पण मी दिसायला चांगला होतो हे आधी लिही." तर लिहिलं. होता.

डोंगरातल्या गावचा मुलगा. बाप लहानपणीच गेलेला, आईच्या शेळ्या आणि दुधाचा धंदा. चौदाव्या वर्षापासून हा दुधाचे उघडे कॅन जुन्या व्हॅनमधून घाटाखाली न्यायचा. खाली पोचेपर्यंत थेंब सांडला तर आई बोलायची. गाडी चालवायला तो तिथे शिकला. पुढे मोठमोठ्या समालोचकांनी त्याच्या चालवण्याला काय काय नावं दिली, पण बाबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "हा गाडी चालवत नाही, दूध घेऊन चाललेला असतो."

घरात सगळे आईला आई म्हणत, म्हणून तो तिला 'मादाम आई' म्हणायला लागला. पिठलं, ठेचा, शिळ्या पोळीचा कुस्करा, काहीही पुढे ठेवा, तो खायचा. गुळाचा डबा कुठे आहे हे त्याला बाबांच्या आधी कळलं होतं. अडलं ते फक्त कारल्यापाशी. आई शनिवारी बस बदलून साउथहॉलच्या देशी बाजारात जायची आणि मिळाली तर कारली आणायची, सोनं आणल्यासारखी पदराखाली. एतिएननं पहिलाच घास भला मोठा घेतला. डोळ्यांत पाणी आलं. तो उठला, आईपुढे वाकला, मागच्या बागेत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. परत आल्यावर गंभीरपणे म्हणाला, "मादाम आई, हे औषध आहे. मी आजारी नाही."

आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "त्याला म्हणावं, माझ्या हातचं कारलं खायला साताऱ्याहून माणसं यायची."

"कोण यायचं?" बाबांनी ताटातून मान न काढता विचारलं.

"अहो, तुम्ही!"

आणि मी? मी शाळेत ए लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीला, फ्रेंच घेतलं होतं. घरात मीच काय ती दुभाषी, असा माझा समज होता. माझ्या पाठ्यपुस्तकातल्या फ्रेंचमध्ये रेल्वे स्टेशन होतं, छत्री होती आणि एक कायमचे आजारी काका होते. एवढ्या भांडवलावर मी प्रेम करायला निघाले होते. रोज एक वाक्य तयार करून जिन्यात उभी राहायचे. तो खाली आला की वाक्य म्हणायचे, तो "वीज्या, इंग्लिश, प्लीज" म्हणायचा आणि माझ्या डोक्यावर टपली मारून कामावर जायचा. टपली मारलेल्या जागी मी दोन दिवस तेल लावत नसे. रफ वहीच्या शेवटच्या पानावर 'मादाम विजया मारसाक' अशी सही गिरवलेली होती, निरनिराळ्या वळणांची, एकोणीस वेळा. आज ती पोरगी समोर आली असती तर मीच तिला टपली मारली असती, जरा जोरात.

शनिवारी मी बाबांचा डबा घेऊन गॅरेजवर जायचे. निमित्त डब्याचं. तिथे मी त्या गाडीचं इंजिन पहिल्यांदा उघडं पाहिलं. ड्रायव्हरच्या डोक्याच्या बरोब्बर मागे चार चकचकीत भोंगे वर तोंड करून उभे. गॅरेजमध्ये त्यांना ट्रम्पेट म्हणत. आईला सांगितलं तेव्हापासून आमच्या घरात त्या तुताऱ्या झाल्या. इंजिन तिथून हवा ओढतं. आत खाली एक सपाट पट्टी सरकते. पाय दाबला की उघडते, सोडला की मिटते. पट्टी आणि खाच यांत केसाएवढी फट. "वाळूचा कण गेला तरी संपलं," बाबा म्हणाले. "पाय काढला तरी गाडी धावतच राहणार."

"मग जाळी लावा की वर."

"जाळी लावली की श्वास कोंडतो."

म्हणून बाबांनी लेथवर लाकडाची चार बुचं कातली होती. आईकडून परकराचा लाल नाडा मागून आणला होता आणि चारही बुचं त्यात ओवली होती. एक विसरलं तर बाकीची तीन ओरडतील, असं म्हणायचे. गाडी उभी असली की बुचं तुताऱ्यांत. सुरू करायच्या आधी बाबा ती काढून स्वतःच्या गळ्यात घालायचे, हारासारखी, म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही कळावं की आता तुताऱ्या उघड्या आहेत, जवळ यायचं नाही. सुरुवातीला लोक हसले. पण त्या गळ्यातल्या बुचांमुळे बाबांच्या गाडीत कधी काही गेलं नव्हतं. इंजिनावर आल्यापासूनच्या पाच वर्षांत एकदाही नाही.

तो रविवार एतिएनचा होता. मोठ्या टीमचा एक माणूस खास त्याला बघायला येणार होता. आवडला तर पुढच्या वर्षी मोठी गाडी, नाही तर शेळ्या आहेतच. आईला नेमकी छापखान्यात पाळी होती. प्रत्येक रेसला निघताना ती एतिएनच्या हातावर दही घालायची, कपाळाला कुंकू लावायची आणि डोक्यावर अक्षता टाकायची. तो दही चाटून "बॉन", म्हणजे छान, म्हणायचा. त्या दिवशी पहाटे कामावर जाताना तिनं कागदाच्या पुड्या माझ्या हातात दिल्या. "दारातच कर सगळं. कुंकू, अक्षता, दही. जास्त शहाणपण करू नकोस."

जास्त शहाणपण मी त्याच क्षणी सुरू केलं. दारात करायचं तर तिथे बाबा, पिकरिंग, व्हॅनमध्ये बसलेले दोघे मेकॅनिक, सगळे बघणार. मी दह्याची वाटी कशीबशी पुढे केली, कुंकवाचं बोट घाईघाईनं टेकवलं, आणि अक्षतांची पुडी कोटाच्या खिशात तशीच राहू दिली. लाज वाटली. ट्रॅकवर पोचल्यावर तर आणखी. विमानांच्या जुन्या धावपट्टीवरचा वाऱ्याचा ट्रॅक होता तो. तिथे इतर ड्रायव्हरांबरोबर आलेल्या गोऱ्या मुली होत्या, सोनेरी केसांच्या, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेल्या. त्यांच्यादेखत कुणाच्या डोक्यावर लाल तांदूळ टाकायचे? छे! पण न टाकावेत तर आईनं सांगितलेलं राहिलं, आणि त्याला काही झालं म्हणजे? असं सकाळभर चाललं. खिशात हात, हातात पुडी.

गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. मी फेऱ्यांचे आकडे दाखवायची पाटी घेऊन बाबांच्या बाजूला होते. एतिएन आत बसलेला, हेल्मेट चढवलेलं, फटीतून नुसते डोळे. त्यानं माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला. बाबांनी तुताऱ्यांतली बुचं काढली, गळ्यात घातली आणि बॅटरीची तार जोडायला खाली वाकले. आजूबाजूला कुणी बघत नव्हतं. मी पुडी उघडली, आणि लग्नात टाकतात तशा, लांबून, झोकात, त्याच्या हेल्मेटवर अक्षता टाकल्या. त्याच्या डोळ्यांकडे बघत. त्याच्या डोक्यामागे चार तुताऱ्या आ वासून उभ्या होत्या, त्यांच्याकडे नाही. वारा होताच. इंजिन सुरू झालं आणि मला वाटलं, झालं बाई एकदाचं.

चौथ्या फेरीपर्यंत तो तिसरा होता. वळण जवळ आलं की गाड्यांचे आवाज एकामागून एक खाली उतरायचे, जिना उतरल्यासारखे. चौथ्या फेरीला त्याचा आवाज उतरला नाही. मला तेव्हा कळलं नाही. बाबांना कळलं. ते मराठीत मोठ्यानं ओरडले, "बंद कर! बंद कर!" जणू तो अर्ध्या मैलावरून ऐकणार होता. गवताच्या पेंढ्या उडाल्या, गाडी मातीच्या बांधावर चढली, आणि मग आवाज थांबला. बाबा धावले. त्यांच्या गळ्यातली बुचं एकमेकांवर आपटत होती, खट खट खट. पुढे कित्येक वर्षं भांड्यांच्या मांडणीत लाकडी पळ्या वाजल्या की मला तोच आवाज यायचा.

घोटा मोडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. जीव वाचला. मोठ्या टीमचा माणूस त्याच दुपारी दुसऱ्या कुणाशी तरी बोलून निघून गेला.

सोमवारी बाबांनी गाडी उघडली. संध्याकाळी घरी आले, हात धुतले, आणि शिट्टी वाजली नाही. जेवताना म्हणाले, "पट्टी अडकली होती. जोडणी माझी होती. पिकरिंगनं मला मागच्या लेथवर पाठवलंय."

आईचा हात पोळी वाढता वाढता थांबला. "अहो, तुमच्या हातून असं होईलच कसं?"

"झालं," बाबा म्हणाले आणि भाताकडे बघत बसले. त्यांनी भात खाल्ला नाही.

देवापुढे दिवा लावायचं काम माझं होतं. जिन्याखालच्या फडताळात आमचे देव होते. मी निरांजन लावलं आणि हळदकुंकवाच्या कोयरीकडे हात नेला. अक्षतांच्या पांढऱ्यालाल दाण्यांत अगदी वर एक दाणा होता, चेपलेला, तेलानं काळा पडलेला. एका बाजूला मात्र कुंकू अजून दिसत होतं. घरात दिवा फक्त मी लावते हे बाबांना माहीत होतं.

त्यानंतरचे दिवस आजही एकेक करून सांगता येतील. मंगळवारी वाटलं, आत्ता बाबांना सांगते. ते पेपर वाचत होते. बुधवारी वाटलं, सांगितलं तर एतिएन आयुष्यात माझं तोंड बघणार नाही. वाचकहो, बघा, बाप लेथवर गेला आणि पोरीला स्वतःच्या तोंडाची काळजी. गुरुवारी मात्र खरी भीती कळली. पिकरिंगला सांगायचं तर काय सांगायचं? की आमच्याकडे माणसाच्या डोक्यावर तांदूळ टाकतात? गॅरेजमधले म्हणतील, बघा, सांगितलं नव्हतं, या लोकांचे मंत्रतंत्र. मग लेथसुद्धा जाईल. गप्प राहिले तर बाबांचे हात खोटे ठरत होते, बोलले तर बाबांचं घरच हास्यास्पद ठरत होतं. रोज संध्याकाळी मी दिवा लावायचे आणि तो काळा दाणा तिथेच असायचा. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. रागावले असते तर किती सोपं झालं असतं!

शनिवारी मी कॅनॉलच्या काठानं गॅरेजवर गेले. हातात डबा नव्हता. पिकरिंग त्याच्या काचेच्या खोलीत पाइप साफ करत बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, दह्यापासून. अक्षता म्हणजे काय हेही सांगितलं, आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की मला आता लाज वाटत नाहीये. रुमालात बांधून आणलेला तो दाणा मी टेबलावर ठेवला.

त्यानं तो बोटावर घेऊन उजेडात धरला. "तू कशासाठी टाकलास हा?"

"त्याला काही होऊ नये म्हणून."

तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. "तुझ्या वडिलांनी चूक केली असं मला एक क्षणही वाटलं नाही," तो म्हणाला. "पण ते माझ्याशी खोटं बोलले, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि का ते मला कळेना. खोटं बोलणाऱ्याला मी इंजिनाजवळ ठेवू शकत नाही. आता कळलं. मलाही मुलगी आहे." त्यानं खण उघडला आणि लाल नाड्यात ओवलेली चार बुचं काढून माझ्यापुढे ठेवली. "ही ते इथे ठेवून गेले होते. नेऊन दे त्यांना. आणि सांग, सोमवारी आठ वाजता, इंजिनावर."

मी बुचं घरी नेली आणि जिन्याखालच्या फडताळात देवांपुढे ठेवली. तोंडानं सांगायचं धैर्य अजूनही नव्हतंच. बाबा संध्याकाळी आले, फडताळासमोर थोडा वेळ उभे राहिले. मग बुचं उचलून खिशात घातली. "जेवायला काय आहे?" म्हणाले आणि हात धुवायला गेले. आई स्वयंपाकघरातून बाहेर डोकावली, कारण शिट्टी वाजत होती.

एतिएनची पुढची कथा जगाला माहीत आहे. ते वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी जुनी, कुणाला नको असलेली गाडी मिळाली आणि त्यानं ती पावसात, पुढचे सगळे घसरत असताना, थेंब न सांडता पहिली आणली. मग मोठी गाडी, मग त्याहून मोठी. प्रत्येक टीमला त्यानं एकच अट घातली, इंजिनाशी बाबा पाहिजेत. बाबा सहा वर्षं त्याच्याबरोबर जगभर हिंडले आणि घरी येताना प्रत्येक देशातून आईसाठी एकेक चहाची गाळणी आणत राहिले, दुसरं काही सुचत नसे म्हणून. दोन्ही वेळा तो जगज्जेता झाला तेव्हा आई आणि मी टीव्हीसमोर होतो. त्या वेळच्या फोटोत कोपऱ्यात एक सावळा माणूस आहे, गळ्यात लाकडाची बुचं, जगातल्या सगळ्यात महागड्या गाडीशेजारी परकराच्या नाड्यात. इराच्या कारखान्यात तो फोटो भिंतीवर आहे. तो मनुष्य कोण हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, आता इरानं सगळ्यांना सांगून कान किटवलेत. एतिएन डाव्या पायानं जरा लंगडायचा, अजून लंगडतो. समालोचक त्या लंगडण्याची कारणं सांगायला लागले आणि बाबा घरी असले, की ते उठून आवाज बारीक करायचे. मी चहा करायला जायचे. बाबांना पोचवायला तो आला तेव्हा म्हाताऱ्या एतिएननं चार बुचं हातात घेऊन ती इतका वेळ चोळली, की मला म्हणावं लागलं, अरे, झिजतील.

पण हा सगळा पुढचा थाट. मला सांगायचाय तो शनिवारनंतरचा रविवार. पिकरिंगला सांगणं एक वेळ सोपं होतं. ज्याचा घोटा मोडला त्याला सांगायचं राहिलं होतं, आणि आठवडाभरात मी एकदाही हॉस्पिटलात फिरकले नव्हते. आई रोज डबा घेऊन जायची, बाबा जायचे. मला अभ्यास असायचा. त्या रविवारी मी प्लॅटफॉर्मचे बूट न घालता गेले. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, मध्ये फुलांचा आणि फिनाइलचा वास. एतिएनचा पाय दोरीनं वर टांगलेला होता, आणि तो खिडकीतून गाड्या मोजत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी वाक्य तयार करून आणलं नव्हतं. जे आलं ते इंग्रजीत, रडत, उलटसुलट सांगितलं. मी संपवलं आणि त्यानं आता मला हाकलून द्यावं म्हणून उभी राहिले. त्याचं इंग्रजी मोडकं होतं, पण जे बोलला ते मला अक्षरशः पाठ आहे, आणि इथे जसंच्या तसं मराठीत देते.

"तुझे बाबा सोमवारीच आले होते, वीज्या. सगळं सांगितलं त्यांनी मला. म्हणाले, कुणी बोलवायचं नाही, काही विचारायचं नाही, ती तिची येईल. मी म्हटलं, नाही येणार, ती सतराची आहे, सतराव्या वर्षी मी पण नसतो आलो. ते म्हणाले, रविवारपर्यंत येईल. आम्ही पैज लावली. आज रविवार आहे. मी हरलो, आणि मला हरायला अजिबात आवडत नाही. आता रडू नको. घरी जा आणि मादाम आईला सांग, ते हिरवं, खडबडीत औषध कर म्हणावं, ताटभर. मी सगळं खाणार, पैज म्हणजे पैज. गूळ थोडा जास्त घाल म्हणावं. आणि बरोबर भात दे. पण या वेळी शिजवून."